पत्रिकेवरची कचराबाई

माझ्या सासूचं नाव कचराबाई. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी ऐकून घेणार नाही.

लग्न होऊन सौंदडजवळच्या या गावात आले तेव्हा मीही तोंडाला पदर लावून हसले होते. अक्कल नव्हती. बुढी आज सत्तरीची आहे, पण धानाच्या रोवणीत अजून बायकांच्या पुढं असते आणि बांधावरच्या मालकाला "छत्री धरून काय पाहून राहिला, उतर चिखलात" असं सुनावते. गावात तिच्या नावावर कोणी दात काढत नाही.

माझ्या लेकीचं, रुचीचं लग्न नागपूरकडच्या घरी ठरलं. पत्रिकेचा मजकूर त्यांना पाठवला, तर तासाभरात व्याह्यांचा फोन. "आजीचं नाव जरा बदला ना. आमच्याकडे लोक शिवी समजतील." माझा नवरा ओमेश म्हणजे गरीब गाय. त्यानं गोंदियाच्या छापखान्यात परस्पर 'कांचनबाई' करायला सांगून टाकलं आणि मला म्हणतो, "प्रेमिला, मायले सांगू नको. तिले वाचता कुठं येते?"

येतं. प्रौढांच्या वर्गात शिकली होती ती. पत्रिका घरी आल्या, देवापुढं ठेवल्या, आणि पहिली तिनंच उचलली. ओळीओळीवर बोट फिरवत गेली नि एका जागी थांबली.

"हे कांचनबाई कोन?"

"तूच ना माय," ओमेश पुटपुटला. "त्यायले तुझं नाव शिवी वाटते."

"शिवी? माह्या मायनं ठेवलं ते." बुढी खाली बसली. "माह्या आधी तिचे तीन लेकरं गेले. एकानंबी सव्वा महिना नाई पाहिला. मी झाली तवा सुईणीनं मले फाटक्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारीण उचलून दारात आली, म्हणे, कचरा सापडला, ठेवता का? म्हंजे काळाले वाटावं, हे टाकलेलं हाये, याले कायले नेऊ. मायले पान्हा फुटला होता, अना तोंडानं म्हणत होती, राहू द्या कोपऱ्यात. मरेपर्यंत तिनं मले लाडाच्या नावानं नाई बोलावलं. भेव वाटे तिले."

मला माझीच लाज वाटली. आमच्या भागात असे कवडू, कचरू गावोगाव सापडतात, आणि प्रत्येकामागं मांडी रिकामी झालेली एखादी आई असते. शहाण्यांना त्यात घाण तेवढी दिसते. माझं डोकं असं फिरलं की सरळ व्याह्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"पत्रिका परत छापून राहिलो," मी म्हटलं. "नाव कचराबाईच राहील."

"अहो, मग आम्हाला या लग्नाचा विचार करावा लागेल."

ओमेशचा चेहरा पडला. रुचीनं माझ्या हातातून फोन घेतला. "करा. पण आजच सांगा, मंडपवाल्याला कळवायचं आहे."

मुलगा तिला मनापासून आवडला होता.

व्याही जरा नरमले. "बेटा, तसं नाही. एक चांगलं नाव टाकायला काय हरकत आहे, एवढंच."

ते ऐकून बुढीनं फोन मागितला.

"चांगले नाव पाहिजेत तुमाले? तीन हायेत आमच्या घरी. राजकुमार, सोनाबाई, लक्ष्मण. माह्या आधीचे. लय हौसेनं ठेवले होते मायनं. घ्या लिहून, कोनतंबी छापा. पण लग्नाले त्यातलं कोनी येनार नाई. येनार मी."

मग व्याही हळूच म्हणाले, "आजी, आहे तेच नाव छापा."

"तुमाले इचारून नाई राहिली मी," बुढी म्हणाली. "सांगून राहिली."