तीन काळी पाती

स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्या वापरणाऱ्या माणसांबद्दल माझं मत फार वाईट होतं, आणि अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यूमध्ये सगळेच त्या वापरत असल्यामुळे ते एकूणच वाईट होतं. कोणाकडे पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ न्यायच्या जेवणाला गेलो की यजमान 'या, या' म्हणेपर्यंत माझी नजर त्यांच्या ओट्यावरच्या लाकडी ठोकळ्यावर गेलेली असायची. ठोकळ्यात चौदा सुऱ्या, चौदाही चकचकीत, आणि कोशिंबिरीतला टोमॅटो मात्र अंगावरून बस गेल्यासारखा. मग मी सुरू व्हायचो. कार्बन स्टील म्हणजे काय, दहा-पंच्याण्णव नावाच्या साध्या पोलादाला धार कशी लागते, गंजू नये म्हणून त्यात क्रोमियम घातलं की ते कायम नोकरीतल्या माणसासारखं कसं गुळगुळीत आणि बिनकामाचं होतं. लोक हातातली प्लेट सांभाळत हळूहळू दुसऱ्या खोलीत जायचे. अडाणी आहेत, असं मी समजायचो.

माझ्याकडे तेव्हा त्रेचाळीस चाकू होते. सगळे जुने, अमेरिकेत बनलेले, मिटून खिशात मावणारे, दोन-तीन-चार पात्यांचे. हाडाची मूठ, दोन टोकांना पांढऱ्या धातूच्या टोप्या, आत पितळेचं अस्तर, आणि पातं मिटताना होणारा 'टक' असा आवाज. मखमल लावलेल्या काचेच्या पेटीत ते ओळीने निजलेले असायचे. रविवारी एकेक उघडायचा, तेलाचं बोट फिरवायचं, 'टक' ऐकायचं, परत ठेवायचा. त्रेचाळिसांपैकी एकानेही माझ्या हातून साधी काकडी कापली नव्हती. बायको म्हणायची, "अरे, सोवळ्यातले देव आहेत का हे? निदान एखादा दुधी तरी दाखव नैवेद्याला."

आमचा क्लबही होता. महिन्यातून एकदा एका चर्चच्या तळघरात दहा-बारा म्हातारे आणि मी जमायचो आणि एकमेकांचे चाकू भिंगातून बघून एकमेकांना तुच्छ लेखायचो. तिथला पहिला नियम असा, की जुन्या पात्यावर वर्षानुवर्षांच्या वापराने जो काळा-निळा रंग चढतो त्याला हात लावायचा नाही. पॉलिश म्हणजे पाप. एकदा एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर त्याच्या वडिलांचा चाकू घेऊन आला. आम्हाला दाखवायचा म्हणून त्याने तो घासून आरशासारखा करून आणला होता. मी तो दोन बोटांत धरून परत दिला आणि म्हणालो, "तुम्ही याला मारून टाकलंत." तो आधी हसला, मग हसायचा थांबला. कॉफी यायच्या आधीच निघून गेला. घरी येईपर्यंत मी गाडीत स्वतःवर खूश होतो.

आता काकू. आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या, निवृत्त सर्जन. पन्नासेक वर्षांपूर्वी या देशात आलेल्या आणि तेव्हापासून कोणाचंही कौतुक न केलेल्या. मार्चमध्ये घर विकून त्या मुलीकडे टेक्सासला जाणार होत्या, म्हणून जानेवारीत मी त्यांची पुस्तकांची कपाटं सुटी करायला गेलो होतो. मध्येच एक पार्सल आलं. काकूंनी स्वेटरच्या खिशातून एक चाकू काढला, एका पात्याने खोका फोडला, दुसऱ्याने सफरचंद कापलं आणि तिसऱ्यावर नारळाची वडी उचलून माझ्या बशीकडे आणली. तिन्ही पाती काळीकुट्ट. मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"काकू, हा कुठून आणलात?"

"शिकागोतून. डेव्हन ॲव्हेन्यूच्या अलीकडे हार्डवेअरचं दुकान होतं. विळी मिळते का बघायला गेले होते. विळीवर कसं बसतात, कसं चिरतात ते दुकानदाराला करून दाखवलं, तर तो घाबरला आणि हा दिला."

मी माहिती द्यायला लागलो. कोणी मागितलेली नसताना देतो, तशीच. या घडणीला इथे गुराख्यांचा चाकू म्हणतात. लांब पातं सगळ्या कामांचं, सरळ धारेचं दोऱ्या कापायचं. "आणि ज्याच्यावर आत्ता वडी आहे ना, ते बोथट टोकाचं पातं वासरांचं खच्चीकरण करायला असतं."

काकूंनी वडी शांतपणे माझ्या बशीत सरकवली. "बरं आहे की. घे, खा."

मी वडी खाल्ली आणि चाकू खिडकीशी नेला. लांब पात्यावर, त्या काळ्या रंगाखाली, कारखान्यात ॲसिडने कोरलेली अक्षरं अजून पुसटशी दिसत होती. वापरलेल्या चाकूवर ही अक्षरं टिकतच नाहीत. ती सगळ्यात आधी जातात. माझ्या त्रेचाळिसांपैकी एकावरही नव्हती. मला तो चाकू इतका हवासा झाला की मी पुढची माहिती द्यायचीच विसरलो, आणि हे माझ्या बाबतीत लक्षण गंभीर आहे.

"हवाय ना?" काकू म्हणाल्या. "जाताना तुलाच देऊन जाईन. मुलगी डिशवॉशरमध्ये घालेल. फक्त ते मोठं पातं जड उघडतं, माझं नख तुटतं. तेल घालून आण. बाकी काही करू नकोस त्याला."

"काकू, हे मला सांगताय?" मी म्हणालो आणि चक्क हसलो.

घरी गॅरेजमध्ये बसून मी तेल घातलं. सांध्यातून वडीची साखर, स्वेटरची लव आणि निळ्या शाईसारखं काहीतरी बाहेर आलं. पातं मोकळं झालं, काम संपलं. इथे उठलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण शेजारचं भांडं परत जाताना घासून जातं, असं आमच्या आईने लहानपणी डोक्यात घातलं होतं, आणि क्लबचा नियम काही लहानपणी घातलेला नव्हता. लांब पात्याच्या बुडाशी एक गंजाचा ठिपका होता, तेवढाच काढू म्हटलं. पॉलिशचं बोट लावलं. ठिपका गेला आणि त्या जागी वाटाण्याएवढा पांढराशुभ्र डाग उमटला. आता तो वाईट दिसायला लागला. तो आजूबाजूशी मिळवून घ्यावा म्हणून थोडं पुढे घासलं. मग तिथे काठ दिसायला लागला. एका बाजूने पांढरं झाल्यावर दुसरी बाजू घाण वाटायला लागली, आणि एक पातं लख्ख झाल्यावर उरलेली दोन ओशाळवाणी. दोन तासांनी तिन्ही पाती झगझगत होती आणि त्या अक्षरांच्या जागी माझंच तोंड दिसत होतं. ते काही बघण्यासारखं नव्हतं.

बायको आत आली, बघून म्हणाली, "छान निघालाय. स्टेनलेस आहे का?"

भांडं रिकामंही परत जात नाही, म्हणून सोबत डब्यात वड्या घेऊन मी काकूंकडे गेलो. काकूंनी चष्मा लावला, चाकू उघडला, एकदा उलटा, एकदा सुलटा केला.

"हा कोणाचा?"

"तुमचाच, काकू. जरा साफ केला."

"मी बाकी काही करू नकोस म्हटलं होतं."

"हो."

"माझ्या थिएटरमध्ये असे असिस्टंट यायचे. अपेंडिक्स काढ म्हटलं की आजूबाजूचंही आवरून ठेवणारे." त्यांनी चाकू टेबलावर ठेवला. डब्याला हात लावला नाही. "त्रेचाळीस चाकू आहेत म्हणतोस. एखाद्याने कधी काही कापलं आहेस?"

मी दुधीचा विचार केला.

"मग शनिवारी ये. लोणच्याची लिंबं आहेत. याचं तू जे केलंयस ते तूच निस्तरायचं. पहिल्यासारखा काळा करून दे, मग बघू."

'मग बघू' म्हणजे 'मग देईन', असा अर्थ मी काढला. हव्याशा वस्तूसमोर माणसाला मराठी कमी कळतं. जानेवारीतल्या त्या शनिवारपासून बाहेर पाऊस आणि आत मी. गोणीने लिंबं. पुसायची, चिरायची, पातं तसंच रसाने ओलं ठेवायचं, म्हणजे ते काळं धरतं. पहिल्या दिवशी पातं राखाडी झालं, दुसऱ्या शनिवारी टोकाकडे निळसर. मधूनमधून काकू येऊन फोडी बघायच्या. "चार सारख्या करायच्या असतात. ही काय, नकाशे काढतोयस?" एकदा बोट कापलं. काकूंनी ते नळाखाली धरलं, लिंबाचा रस निघून जाईपर्यंत मी जे काही ओरडलो ते ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "टाके लागणार नाहीत. बँडेज फ्रिजवर आहे. बोटं आत वळवून लिंबू धर आता."

घरी मी पेटीतल्या मखमलीत चव्वेचाळिसावा खण कापून ठेवला. माप अगदी बरोबर घेतलं होतं.

मार्चमध्ये मुलगी गाडी घेऊन आली. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. घरात फक्त एक खोका, काकू आणि मी. खोक्याची चिकटपट्टी काकूंनी त्याच चाकूने कापली. मग तो उजेडाकडे धरला. तिन्ही पाती काळी झाली होती, लांब पात्याच्या पाठीजवळ तर सुरेख निळी. अक्षरं अर्थात गेली ती गेलीच.

"झालाय की पहिल्यासारखा," मी म्हणालो.

"झालाय," काकू म्हणाल्या. 'टक.' चाकू स्वेटरच्या खिशात गेला. "तिकडे मुलीकडे एक धड सुरी नाही रे. सगळ्या स्टेनलेस."

हे वाक्य मी त्या घरात निदान वीस वेळा म्हटलं असेल.

त्यांनी खोक्यातून एक बरणी काढून माझ्या हातात दिली. "हे ठेव. तूच कापलंयस. फोडी वाकड्या आहेत, पण मुरल्यावर कोणाला कळतंय."

क्लबात मी अजून जातो. तो ट्रक ड्रायव्हर परत आला तर त्याला काय म्हणायचं ते ठरवून ठेवलं आहे, पण तो येत नाही. पेटीतला रिकामा खण तसाच आहे, बरणी त्यात बसत नाही. ती जेवणाच्या टेबलावर असते, आणि बायको रोज ती माझ्याकडे सरकवते.

"घे. तुझा चव्वेचाळिसावा."

मी घेतो. मीठ जरा जास्त झालंय.