भरलेले हात

बाजारात कासाराच्या दुकानात चार-पाच बायका ओळीने बसून हिरव्या बांगड्या भरून घेत होत्या. मला वाटलं, कुणाकडे तरी लग्न निघालंय. आमच्या गल्लीतली सुरेखाही त्यांत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "लग्न कसलं, वहिनी! कंपनी बंद झालीय आमची."

बंदराजवळच्या त्या कंपनीत या साऱ्याजणी कोळंबी सोलतात. ती गोठवून अमेरिकेला जाते. तिच्यात काचेचा कण पडू नये म्हणून आत शिरताना हात मोकळे लागतात. सुरेखाने पहिल्यांदा बांगड्या उतरवल्या तेव्हा सासू दोन दिवस धड जेवली नव्हती. पुढे घर तिच्याच पगारावर चालू लागलं आणि सासूलाही त्या ओक्याबोक्या मनगटांची सवय झाली.

आता तिकडे आयातकर वाढला आणि गिऱ्हाईक माल घेईना. सकाळीच बातम्यांत एक गृहस्थ सांगत होते, निर्यात घटेल, व्यापारातली तूट वाढेल, विकासाचा वेग किंचित मंदावेल. चहा पिता पिता मी ते ऐकलं आणि विसरूनही गेले. त्या 'किंचित'मध्ये ही मनगटं आहेत, हे तेव्हा कुठे कळलं होतं? बाईचे हात भरलेले बघून इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

कासार तिच्या मापाची बांगडी चढवू लागला, तसा सुरेखाने हात मागे घेतला.

"जरा मोठीच घाला, काका," ती म्हणाली. "कंपनीतून बोलावणं आलं, तर न फोडता निघायला हव्यात."