आत्याबाईंची नाताळाची शाळा

एस्तेरबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मी चार वर्षांची होते. माझे वडील जेऊरच्या स्टेशनवर नोकरीला होते आणि आई मला घेऊन डिसेंबरात सोलापूरला आली होती. एस्तेरबाई माझ्या सख्ख्या आत्या, तेव्हा त्याआधीही मी त्यांना पाहिले असणार. पण मला आठवते ती भेट हीच. इतक्या लहानपणीच्या आठवणीवर विसंबून छापील ग्रंथात लिहिणे मला बरे वाटेना, म्हणून आईला विचारून घेतले. ती म्हणते, गाडीला फार उशीर झाला होता आणि मी रडून रडून थकले होते. आत्याबाईंनी मला जवळ घेतले नाही की नाव विचारले नाही. त्यांनी चटईवर सुताचा एक मोठा गुंता माझ्यासमोर ठेवला आणि त्यातला एक लाल धागा ओढून बाजूला काढला. मागच्या गल्लीत चादरींचे माग होते, तिथे उरलेले तुकडे त्या मागून आणत.

आई म्हणाली, "वन्सं, हिला अजून रंगांची नावं येत नाहीत."

"नावं मागनं येतील. रंग तर दिसतायत ना तिला?"

मी रडायचे थांबले आणि दुसरा लाल धागा काढला. आमची ओळख झाली ती अशी.

आत्याबाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे. मुलींच्या शाळेतल्या त्यांच्या दीर्घ सेवेविषयी त्यांच्या सहशिक्षिका अधिकाराने लिहितील. माझ्याकडे समितीने वेगळा विषय सोपवला, तो म्हणजे त्यांच्या घरातली नाताळाची शाळा. मी त्या शाळेत शिकले आणि आज एका बालवर्गाची शिक्षिका आहे, एवढीच माझी पात्रता. चुकीचे काही लिहिले जाईल या भीतीने मी हा लेख तीनदा फाडला, हेही सांगून टाकते.

आमच्या कुटुंबात एक रीत होती. मूल चार वर्षांचे झाले की त्या डिसेंबरात त्याने आपल्या आईसह आत्याबाईंच्या दोन खोल्यांत येऊन राहायचे. आम्ही जेऊर, कुर्डुवाडी, नातेपुते अशा ठिकाणी पांगलेलो होतो आणि तिथे इतक्या लहान मुलांसाठी शाळा नव्हत्या. आत्याबाईंना स्वतःचे मूल नाही. त्यांची शाळा सकाळची असे. दुपारी जेवण झाले की पदर खोचून त्या चटईवर बसत आणि आमचा वर्ग सुरू होई. पाटी नाही, पुस्तक नाही. नाताळाची तयारी करायची, आणि ती मुलाच्या हातून करायची, इतकाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

पहिल्या आठवड्यात मातीच्या परळात ज्वारी पेरायची. ख्रिस्तजन्माच्या देखाव्यात गव्हाणीभोवती जे शेत लागते ते हेच. रोज सकाळी मुलाने कोंबाशेजारी आपले बोट उभे धरायचे आणि कोंब नखापर्यंत आला की पेरापर्यंत, ते पाहायचे. मग चांदणी. बांबूच्या कामट्या सारख्या लांबीच्या करायच्या, त्यांवर पतंगाचा कागद पिठाच्या खळीने चिकटवायचा. मग मातीची मेंढरे. ती करण्याआधी आत्याबाई मुलाला गावाबाहेर नेत. सांगोल्याकडचे धनगर त्या दिवसांत कळप घेऊन तिथे उतरलेले असत. मला नेले तेव्हा मी एका मेंढीच्या पायांकडे इतका वेळ टक लावून पाहत बसले की धनगर म्हणाला, "बाई, ह्या पोरीला मेंढरू इकत घ्याचं हाय व्हय?"

"न्हाई हो," आत्याबाई म्हणाल्या, "पाय कुटं लावायचे ते बघतीय."

करंज्यांच्या दिवशी गोल आणि अर्धा गोल कळे. लाटलेली पारी गोल, दुमडली की अर्धी. मुलाने केलेल्या करंज्या वेगळ्या ठेवल्या जात आणि शेजाऱ्यांना जाणाऱ्या ताटांत मुद्दाम त्याच घातल्या जात. ताट मुलाने न्यायचे. कोणाच्या घरी माणसे किती, तर करंज्या किती, हे दारातच मोजून घ्यायचे. समोर राचप्पांचे किराणा दुकान होते. ते घरी कन्नड बोलत आणि आमच्याशी मराठी. ताटावरचा रुमाल उचलून ते मोठ्या गंभीरपणे विचारत, "काय गं, यंदा सारण हाय, की नुसती हवाच भरलीस?" मग एक करंजी तिथेच उभ्याने खात आणि म्हणत, "हाय हाय. तळाला हाय."

आत्याबाईंचा एक नियम होता. मुलाने केलेली वस्तू त्या सुधारत नसत. आमच्या गव्हाणीत एक मेंढरू गाढवापेक्षा मोठे होते आणि बाळ येशूसाठी उंटांवरून भेटी आणणाऱ्या ज्ञानी पुरुषांपैकी एकाला मान नव्हती. एका वर्षी चर्चचे पाळकसाहेब भेटीला आले आणि म्हणाले, "बाई, हा उंट जरा..." आत्याबाईंनी त्यांना पुढे बोलू दिले नाही. म्हणाल्या, "तो सॅम्युएलचा उंट आहे, साहेब. सॅम्युएल इथंच बसलाय."

मी मोठी भित्री मुलगी होते. चुकेल म्हणून कशालाच हात लावत नसे. चांदणीच्या वेळी आत्याबाईंनी एक कामटी आखूड कापली, ती इकडून तिकडून पाहिली आणि माझ्याकडे दिली. "हे बघ, माझी चुकली. आता काय करायचं?" मी बराच वेळ विचार केला आणि बाकीच्या कामट्याही तेवढ्याच आखूड करायला सांगितल्या. चांदणी लहान झाली, पण झाली. मोठेपणी बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करताना मला वाटले, मुलाची भीती घालवण्याची ही केवढी विचारपूर्वक योजलेली पद्धत. तसे मी त्यांना म्हणाले. त्या हसल्या. "कसली पद्धत गं. चष्मा मोडला होता माझा. खरंच चुकली होती."

इथवर लिहिणे सोपे होते. पुढचे मी आत्याबाईंच्या आणि प्रभावतीवहिनींच्या परवानगीने लिहीत आहे. ते गाळले असते तर हा लेख खोटा झाला असता.

आत्याबाई काम करताना फार कमी बोलत. एखादी गोष्ट सांगायची तर ती त्या हाताने करून दाखवत. मुलाने पाहायचे आणि करायचे. संध्याकाळी ख्रिस्तजन्माची कथासुद्धा त्या मातीच्या चित्रांनी सांगत. मरीया आणि योसेफ चालत येत, दारे बंद होत, मग गोठा. त्यांच्या शिकवण्याचे सगळे बळ यात होते आणि पुढे घात झाला तोही यातूनच.

दुष्काळाच्या साली निमू आली. निमू म्हणजे माझ्या चुलतभावाची आणि प्रभावतीवहिनींची मुलगी. मी तेव्हा शिकण्यासाठी आत्याबाईंकडेच राहत होते, त्यामुळे तो डिसेंबर मी जवळून पाहिला. पाण्याची इतकी ओढ होती की परळाला हात धुतलेले पाणी घालत होतो. रेशनची लाल ज्वारी पेरली होती, ती नीट उगवलीच नाही. निमू तरी रोज सकाळी परळाजवळ बोट धरून बसायची. तिच्याइतकी हुशार मुलगी त्या चटईवर बसली नव्हती असे आम्ही सगळेच म्हणत होतो. सुताचे रंग तिने सगळ्यांत लवकर वेगळे केले. तिची चांदणी सरळ झाली. कथा एकदाच पाहून तिने दुसऱ्या दिवशी सगळी चित्रे त्याच क्रमाने हलवून दाखवली. गाणी म्हणताना ती आत्याबाईंच्या तोंडाकडे पाहून ओठ हलवायची. ताट घेऊन गेली की नुसती उभी राहायची. राचप्पा म्हणायचे, "ही लाजाळू हाय जरा."

एक दिवस वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई, ही अजून नीट बोलत का नाही? एखाददुसरा शब्द काढते, तोही अर्धवट."

आत्याबाईंनी निमूचा हात धरून वर केला. बोटांना खळ लागलेली होती. "बोलेल. हात बोलतायत की तिचे."

आम्ही सगळे हसलो. वहिनी निश्चिंत होऊन गावी परतल्या. आत्याबाईंच्या शब्दावर आमच्या घरात कोणी कधी शंका घेतली नव्हती.

पुढे निमूला शाळेत घातले तेव्हा गुरुजी म्हणू लागले की मुलीचे लक्ष नाही, मुलगी मंद आहे. तिला कोपऱ्यात उभे करत. या सगळ्यात आणखी काळ गेला. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेले, तेव्हा कळले की निमूला ऐकू येत नाही. जवळजवळ काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, चार वर्षांची असताना आणली असती तर बोलणे शिकवायला पुष्कळ सोपे गेले असते.

आत्याबाईंच्या वर्गात ऐकण्याची गरजच पडत नव्हती. तिथे सगळे डोळ्यांनी कळायचे. दुसऱ्या कुठल्याही घरात निमूचे अडले असते आणि कोणीतरी विचारात पडले असते. आत्याबाईंकडे तिचे कुठेच अडले नाही.

वहिनी त्यांना भेटायला आल्या तेव्हा मी घरातच होते. त्यांनी दोष दिला नाही. चहाचा कप हातात धरून त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्याकडं तिला सगळं यायचं. म्हणून मी निवांत होते." वहिनींना निरोप द्यायला आत्याबाई दारापर्यंत गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

त्या वर्षी त्यांनी नाताळाची शाळा बंद केली. उपासनेला गेल्या, फराळ केला, सगळ्यांची विचारपूस केली; पण चटई अंथरली नाही. नातेपुत्याहून माझ्या चुलतबहिणीने मुलाला आणू का म्हणून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मला जमत नाही." पुढच्या वर्षीही तेच उत्तर. अशी आमच्या घरातली कितीतरी मुले त्या चटईवर न बसताच मोठी झाली. याचे मला वाईट वाटते. निमूचे गेलेले दिवस परत येणार नाहीत, याचे त्याहून अधिक वाटते. ही दोन दुःखे एकमेकांसमोर ठेवून कोणते मोठे हे ठरवणे मला जमलेले नाही.

आत्याबाईंनी मात्र शाळा बंद करून हात झटकले नाहीत. निमू आता कर्णबधिर मुलांच्या शाळेत असते. तिथल्या वसतिगृहात तिला पहिल्यांदा पोचवायला वहिनींबरोबर त्याच गेल्या आणि मूल रुळेपर्यंत तिथेच एका ओळखीच्या घरी राहिल्या. मला बालवर्गात नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा हातात घेतला आणि विचारले, "वर्गातल्या एकेका पोराच्या मागं उभी राहून हाक मारून बघितलीस का?"

मी नाही म्हणाले.

"उद्या बघ. हळू मार. पुढं जाऊ नकोस, तोंड दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी मी तसे केले. एक मुलगा वळला नाही. पुन्हा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. शेवटी तो पुढे पाहतच म्हणाला, "मी तुमच्याशी बोलणार न्हाई. काल मला घंटा वाजवू दिली न्हाई." आत्याबाईंना हे सांगितले तेव्हा कित्येक महिन्यांनी मी त्यांना मोकळेपणाने हसताना पाहिले. मग लगेच म्हणाल्या, "तरी दर वर्षी बघत जा."

यंदा कुर्डुवाडीच्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चार वर्षांची झाली आहे. बहिणीने आत्याबाईंना विचारले. उत्तर ठरलेलेच होते. मी जाऊन रदबदली केली. म्हणाले, "इतक्या मुलांचं भलं झालं, ते एका चुकीनं पुसून जातं का?" त्या रागावल्या नाहीत. "पुसून जात नाही," म्हणाल्या. "पण निमूला ते सांगून काय उपयोग?"

हा लेख इथवर लिहून झाल्यावर मी प्रथम वहिनींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "निमूचं नाव बदलू नको. ती वाचेल कधीतरी." मग मागच्या रविवारी उपासनेनंतर आत्याबाईंना वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. निमूचा भाग आला तसा माझा आवाज लहान झाला. त्यांनी डोळे उघडले. "मोठ्यानं वाच. ते महत्त्वाचं आहे." शेवटी म्हणाल्या, "करंज्यांचं फार गोड लिहिलंस, ते कमी कर. निमूचं तसंच राहू दे. कुणीतरी आपल्या पोराला मागनं हाक मारून बघेल."

मी कागद आवरले. चपला घालत होते, तेवढ्यात त्या आतून म्हणाल्या, "कुर्डुवाडीच्या पोरीला घेऊन यायला सांग तिच्या आईला."

मी चपला काढून पुन्हा आत गेले.

"पण तूही यायचंस. तुझी शाळा सुटली की रोज. मी पुढं बसते, तू तिच्या मागं बस. आता माझ्या एकटीच्या डोळ्यांवर नको."

आत्याबाईंनी या ग्रंथात आपली नुसती स्तुती छापू नये, असे समितीला आधीच बजावले आहे. म्हणून मी त्यांचे गुण मोजत बसत नाही. परमेश्वराजवळ एवढेच मागते, की त्यांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांना चटईवर बसता येईल इतके बळ राहो आणि मनावरचे ओझे, ते उतरणार नसेल तर, आम्हा सगळ्यांत थोडे थोडे वाटले जावो. आमच्या घरात चार वर्षांची मुले अजून पुष्कळ व्हायची आहेत.