मामांचे पाहुणे

समोरच्या बसचा नंबर ज्यांना वाचता येत नव्हता, ते माझे मामेसासरे मला खाडीतल्या कुरवांच्या जाती सांगायचे. सीगलला कुरव म्हणतात, हेही त्यांनीच शिकवलं. जन्म साताऱ्याकडचा, नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, आणि निवृत्तीनंतरचा उद्योग म्हणजे हिवाळ्यातल्या रविवारी मला पहाटे उठवणं. नेरुळची आमची सगळी सोसायटी त्यांना दुर्बीणमामा म्हणायची. मी मनात बरंच काही म्हणायचो.

मला ते जावईबापू म्हणत, अहो-जाहो करत आणि त्याच आदरानं झापत. "जावईबापू, शर्ट बदला. पिवळ्याला पाखरं बुजत्यात." खाडीच्या बांधावर बसल्यावर शिंकायचं नाही, आणि चिवडा तर मुळीच नाही, कारण तो तोंडात वाजतो. दुर्बीण एकच, तीही त्यांच्या गळ्यात. मी डासांचं निरीक्षण करायचो. कुणी कुरवांपुढे शेव-गाठ्या उधळायला लागलं की मामा तिकडे धावत. एका बाईंनी विचारलं, "अंकल, तुमचं काय जातंय?" मामा म्हणाले, "माझं काय न्हाई. पोटं त्यांची बिघडत्यात." बाईंनी उरलेल्या गाठ्या मला दिल्या. मी त्या घेतल्या, म्हणून घरी येईपर्यंत मामा माझ्याशी बोलले नाहीत.

खरा वैताग वेगळाच होता. मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ते ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा अशाच ऑपरेशनमध्ये गेला होता. ते कारण कधी ओठांवर आणत नसत. म्हणत, "घरात पावणे असताना यजमानानं दवाखान्यात जाऊन पडायचं व्हय?" पावणे म्हणजे परदेशातून आलेले कुरव. ते गेले की ऊन सोसत नाही, पावसाळ्यात जखम चिघळते, आणि तोवर पुन्हा पावणे हजर. त्यांना राजी करायचं काम बायकोनं माझ्यावर सोपवलं होतं. घरात माझं कुणी ऐकत नाही, हे ठाऊक असूनही.

त्या जानेवारीत एका रविवारी धुकं विरलं तशी खाडी भरलेली दिसली. चिखलात लाल काड्यांवर उभे असल्यासारखे शेकाटे पक्षी, पलीकडे फ्लेमिंगोंची गुलाबी रांग. मामांनी मात्र दुर्बीण दूरच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर रोखली. "मोठा कुरव. एकटाच हाय. हलू नका."

मी हललो नाही. पाय बधिर झाला, कानात डास शिरला, तरी नाही. कुरवही हलला नाही. मग एक होडी आली. होडीतल्या कोळ्यानं हात घालून कुरव उचलला आणि त्याला बांधलेलं जाळं ओढायला लागला.

मामांनी दुर्बीण खाली केली. "उडाला का?"

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण बधिर पायानं माणूस खरं बोलतो. "मामा, थर्माकोल होता तो. जाळ्याचा."

 त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या तारीख," म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी हिरवा झगा घालून आत निघाले, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "बिघडलंच, तर रविवारी खाडीवर जाऊन मला सांगाल का, काय काय उतरलंय ते?" मी शब्द दिला. अशा वेळी कुणीही देईल.

काही बिघडलं नाही. एकापाठोपाठ दोन्ही डोळे लख्ख झाले. पुढे मामा मुलाकडे साताऱ्याला राहायला गेले आणि मी रविवारी उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं. हिवाळा लागला आणि रविवारी पहाटे मामांचा फोन वाजला, खाडीवर काय काय उतरलंय विचारायला. ठरलं होतं ते बिघडलं तर, तुम्हाला तर आता सगळं दिसतं, हे मी डोळे न उघडताच समजावून सांगितलं.

 मामा म्हणाले, "जावईबापू, हितनं खाडी कुठं दिसतीया?"