तुरटीच्या कागदाची पट्टी

सानिया कागदी ही मनात राग धरून ठेवणारी बाई आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगतो. मंचरकडच्या आमच्या कॉलेजात ती रसायनाची प्रयोगशाळा सांभाळते, मी काचसामान धुतो. तीन वर्षं खपून तिनं एक रेणू बनवला. त्याला दोन खोबणी. पहिलीत पोटॅशियम बसलं की रेणूचं अंग दुमडतं आणि मगच दुसरी खोबण नायट्रेटच्या मापाची होते. जावई पाटावर बसल्याशिवाय बाकीच्यांची पानं वाढत नाहीत, तसं. नायट्रेट आत बसलं की रंग लाल. खतानं नासलेलं, तान्ह्या बाळांच्या जिवावर उठणारं विहिरीचं पाणी ओळखायची सोय झाली.

जुन्नरला तिचे वडील दस्तगीर लग्नपत्रिकांसाठी हातकागद करतात आणि त्याला तुरटीचं पाणी देतात. तुरटीत पोटॅशियम असतंच. त्याच कागदाच्या पट्ट्या कापून सानिया त्यांवर रेणू चढवायची.

मग विभागप्रमुख वाळुंज सरांचा शोधनिबंध छापून आला. नाव एकट्या सरांचं. सानिया शेवटी आभारात, झेरॉक्सवाल्याच्या खाली. ती विचारायला गेली तर सर म्हणाले, डोकं महत्त्वाचं, हात कुणाचेही चालतात. वर ताकीद दिली की गावात प्रात्यक्षिक बघायला येणाऱ्या समितीसमोर तो खरखरीत पत्रिकेचा कागद नको, बाजारचा पांढराशुभ्र फिल्टर पेपर वापर. पाण्यात असतं तेवढं पोटॅशियम पुरतं, असं त्यांनी निबंधात ठोकून दिलं होतं. ते पुरत नाही, आणि फिल्टर पेपरात तुरटी नसते.

सानिया "हो सर" म्हणाली. मला म्हणाली, चारचौघांत तोंडावर आपटू दे त्याला. शंभर पट्ट्या तिनं गुणगुणत केल्या. मीही गप्प बसलो, कारण मलाही तो माणूस डोळ्यासमोर नको असतो.

प्रात्यक्षिकाचा कार्यक्रम अवसरी बुद्रुकला, गावकऱ्यांसमोर. सर आधी मुद्दाम नायट्रेटचं खत कालवलेल्या पाण्यात पट्टी बुडवणार आणि ती पांढरीच राहणार, असा तिचा हिशेब. पण सरांना चेव आला. त्यांनी समोर बसलेल्या सारजाबाईंची कळशी पुढे ओढली आणि थेट त्यांच्या विहिरीच्या पाण्यात पट्टी घातली. पट्टी पांढरी. सरांनी पाणी शुद्ध असल्याचं जाहीर केलं, टाळ्या पडल्या. सारजाबाईंनी हात जोडले. त्यांच्या दोन महिन्यांच्या नातवाला त्याच पाण्यात पावडरचं दूध कालवून देतात, हे त्यांनीच मघाशी सांगितलं होतं.

मी सानियाकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. सर समितीला आपली तीन वर्षांची तपश्चर्या ऐकवत होते, ती ऐकत राहिली. सारजाबाई कळशी घेऊन दारापर्यंत गेल्या तेव्हा ती उठली. पर्समधली हातकागदाची पट्टी तिनं कळशीत बुडवली. लालभडक. समितीनं कारण विचारलं तर सर आपली पांढरी पट्टी उलटीसुलटी करून बघायला लागले. मग सानियानं दोन्ही खोबणी समजावून दिल्या, सावकाश, चवीचवीनं, कोणी काय चोरलं आणि काय चोरायचं राहिलं त्यासकट. सर खाली मान घालून बसले होते. मला बरं वाटलं, खोटं का बोलू?

सारजाबाई अजून दारातच होत्या.

"बाई, तुला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "मंग मी दारापातुर जाईस्तवर गप का बसलीस?"

सानियानं खोटं सांगितलं नाही.

"आजी, त्यांना पुरतं बोलू द्यायचं होतं मला."

सारजाबाईंनी पायरीवर कळशी पालथी केली. सुनेला दाखवायला लाल पट्टी सानियाच्या हातातून घेतली आणि तिच्याकडे न बघता निघून गेल्या.