परत गेलेल्या बाळांची वही
परवा खोपटच्या लॅबमध्ये रक्त देताना हातावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासाने कॉलेजात असताना पालिकेच्या आरोग्य खात्यात केलेली इंटर्नशिप आठवली. शहरातल्या लसीकरणाचे नियम ठरवायची बैठक होती आणि मी कोपऱ्यात मसुदा टाईप करत होते. साहेबांनी वाचलं, “वेळ नऊ ते बारा.” माझ्या शेजारची नर्स उठली, तिच्या हातांना हाच वास होता. “सर, घरकामवाल्या बायका दोनला सुटतात. त्यांनी बाळ कधी आणायचं?” “सिस्टर, हे धोरण अख्ख्या शहराचं आहे, तुमच्या एका दवाखान्याचं नाही.” “म्हणून तर बोलतेय, सर.” तिने पिशवीतून दुरेघी वही काढली. बारानंतर आलेलं, लस न घेता परत गेलेलं प्रत्येक बाळ तिने त्यात लिहून ठेवलं होतं. ती एकेक नाव वाचू लागली. “आणि या जुळ्या. आई दोघींना घेऊन चालत आलेली.” पान उलटलं, तरी नावं संपेनात. चहाचे कप तसेच राहिले. शेवटी साहेब मला म्हणाले, “बाराचे चार कर गं.” मी केले. “वाचून दाखव, बाळा,” ती म्हणाली. एरवी मी चारचौघांत तोंड उघडत नाही, पण ते वाक्य मोठ्याने वाचलं. आजही दुपारी तीनला बाळ कडेवर घेऊन लसीकरणाला निघालेली बाई दिसली, की ती आत जाईपर्यंत मी रस्त्यात थांबून बघत राहते.