पिशवीत काय घालायचं

नातवाचा दुसरा वाढदिवस वारूळवाडीला, आमच्या मळ्यातच करायचा, असं मुलानं आणि सुनेनं पुण्यात बसून ठरवलं. केक आणि फुगे त्यांच्याकडे, जेवण आमच्याकडे. येणाऱ्या लहान मुलांना जाताना द्यायच्या पिशव्या माझ्याकडे आल्या. सून म्हणाली, आई, नारायणगावात सगळं मिळतं, रिटर्न गिफ्टचं तुम्हीच बघा. फक्त पोरांच्या घशात अडकेल असं काही नको.

मला हे काम अवघड वाटलं नाही. आमची रोपांची नर्सरी आहे. टोमॅटोच्या हंगामात दारात टेम्पोची रांग लागते आणि कुणाला कुठली रोपं द्यायची ते मीच बघते. त्यापुढे पोरांच्या पिशव्या काय.

बाजारपेठेतल्या ज्या दुकानातून आम्ही मुलाच्या शाळेपासून वह्या घेत आलो, तिथल्या शेठनी काउंटरवर ढीग घातला. शिट्ट्या, साबणाचे फुगे, पेन्सिली, मण्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या, गाड्या. प्रत्येक वस्तू मी हातात घेतली आणि दोन वर्षांच्या पोराच्या घशात अडकलेली पाहिली. एका गाडीचं चाक नखानं ओढलं तर निघून आलं.

"ताई, असं ओढून कोण बघतं?" शेठ म्हणाले.

"ज्यांना द्यायचीय ते," मी म्हटलं. त्यांनी गाडी मागे घेतली.

मुलगा फोनवर म्हणाला, घरचीच रोपं द्या कुंडीसकट. लहान पोरं कुंडीतली माती खातात हे त्याला सांगावं लागलं. त्यानंही खाल्ली होती. शेवटी भांड्यांच्या दुकानातून दोन कानांची स्टीलची छोटी वाटी घेतली, आमच्या कपडे शिवणाऱ्या बाईकडून चिंध्या भरलेले कापडी चेंडू करून घेतले आणि वर एकेक राजगिऱ्याचा लाडू. सुनेला फोटो पाठवला. तिच्याकडून अंगठा आला. पिशवीचं काम संपलं असं मला वाटलं.

अडचण उभी राहिली ती थोरल्या जावेच्या सुनेची.

तिचं घर आमच्या बांधाला लागून आहे. दुपारी ती नर्सरीत येते, माझ्याबरोबर ट्रे भरते, बी टोकते. हात चलाख आणि बोलणं कमी, त्यामुळे आमचं जमतं. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. त्यानंतर तिनं बारशाला, डोहाळजेवणाला, वाढदिवसाला जाणं सोडलं. कुणाकडे पाळणा हलला की त्या गल्लीतूनही ती जात नसे. डॉक्टर काय म्हणाले हे मला माहीत आहे, मी बरोबर गेले होते. ते म्हणाले होते, थांबा. थांबणं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही.

माझ्या नातवाच्या वाढदिवसाला तरी तिनं यावं असं मला वाटत होतं. बांधापलीकडे जेवणं चालली आहेत आणि ती दार लावून बसली आहे, हे मला बघवलं नसतं. तिच्या घरी जाऊन मी सांगितलं, तू ये. तिनं विचारलं, "काकी, कुणी काही बोललं तर?" मी म्हटलं, "कुणी बोलणार नाही. ते माझ्याकडे लागलं." ती येते म्हणाली.

मग घरी येऊन विचार करत बसले, की जाताना तिच्या हातात काय द्यायचं. सगळ्या जणी पिशवी घेऊन जाणार आणि ही मोकळ्या हातानं जाणार, हे दिसलं असतं. पोराची पिशवी तिला द्यावी तर तेही दिसलं असतं. दुसरं काही शोधायला लागले तेव्हा कळलं, की आपल्याकडे बाईच्या पदरात घालायच्या वस्तूंत मूल आधीच बसलेलं असतं. नारळ घ्या, खण घ्या, तांदूळ घ्या, फळ घ्या. ओटी कशासाठी भरतात? साडी द्यावी तर बाकीच्या विचारणार, हिलाच का. माझं डोकं चालेना. चाक ओढून बघता येतं. हे कुठून ओढून बघायचं?

मग एक सुचलं. पिशव्या तिनंच वाटायच्या. देणाऱ्या बाईला कुणी देत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला. मी स्वतःवर खूश झाले.

त्यातच आमच्या मालकांनी भावकीत चूलबंद आवतण दिलं. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांनी यायचं. माझ्या सुनेच्या डोक्यात चार मैत्रिणी आणि त्यांची पोरं होती. मंडपात सगळी भावकी आली.

उसात बिबट्या असतो, म्हणून आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम उजेड आहे तोवर उरकतात. केक कापला, जेवणं झाली, ऊन कलायला लागलं तशा सगळ्या एकदम निघाल्या. दाराशी कुंकवाचा करंडा घेऊन आमच्या चुलत सासूबाई बसल्या होत्या. भावकीत सगळ्यांत वडील त्याच, त्यामुळे कुंकू त्याच लावतात, ते कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्या शेजारी पिशव्यांनी भरलेला बांबूचा हारा आणि ही. सासूबाई कुंकू लावत, ही मुलाच्या हातात पिशवी देई. छान चाललं होतं. एका पोरानं चेंडू तिथंच काढून तिच्याकडे फेकला, तिनं झेलला आणि परत दिला. हसली. मी ताटं उचलताना लांबून बघितलं.

सासूबाईंना मात्र ही पिशवी म्हणजे संक्रांतीचं वाण वाटलं असावं. वाण आलेल्या प्रत्येकीला मिळतं आणि वाटणारीलाही. गर्दी ओसरल्यावर त्यांनी हाऱ्यात हात घातला, एक पिशवी काढली आणि हिच्या कपाळाला कुंकू लावलं.

"तू न्हाई का घेतली? घे बाई. पुढच्या वरसाला तुझ्याबी घरात लागंल."

चपला घालणाऱ्या बायका चपलांकडेच बघत राहिल्या. माझ्या हातात खरकट्या ताटांची चळत होती. काय म्हणायचं होतं मी? म्हातारीनं टोमणा मारला असता तर मी तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं, मला येतं ते. हा आशीर्वाद होता. ती पिशवी काढूनही घेता येईना. कुंकू लावून दिलेली वस्तू सवाष्णीच्या हातातून कोण काढून घेतं?

ती म्हणाली, "द्या आजी." दोन्ही हातांनी पिशवी घेतली, वाकून पाया पडली. मग राहिलेल्या पिशव्या हाऱ्यात नीट लावून ठेवल्या आणि बांधावरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती नर्सरीत आली नाही. मी जावेला विचारलं, ती म्हणाली, डोकं दुखतंय. त्याच्या पुढच्या दिवशीही डोकंच दुखत होतं. मी दारापर्यंत जाऊन आले. आतून मिक्सरचा आवाज येत होता, हाक मारायचं धाडस झालं नाही. काय सांगणार? कुणी बोलणार नाही हे मी सांगितलं होतं.

आठवड्यानं तिचा नवरा दूध घालायला जाताना आमच्या ओट्यावर ती वाटी ठेवून गेला. दोन कानांची. दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवत नाहीत, म्हणून तिनं त्यात शेंगदाण्याची चटणी भरली होती, वर झाकण म्हणून कागद बांधला होता. चेंडू आला नव्हता. तो तिनं ठेवला की कुणाला दिला, हे मी विचारलं नाही.

चटणी आम्ही खाल्ली. वाटी घासून मांडणीवर ठेवली आहे. तिला दिलेली वस्तू आपल्याकडे ठेवून घ्यावी हे मला पटत नाही, आणि परत पाठवायची तर रिकामी पाठवता येत नाही. रोज सकाळी चहा टाकताना वाटीकडे नजर जाते. गूळ घातला, काढला. साखर घातली, तीही काढली. बेदाणे हातात घेतले, तेही ओटीतलेच वाटले आणि डब्यात परत ठेवले. दुपारी ट्रे एकटीच भरते. वाटी तशीच आहे.